आईच्या ब्लाउजच्या पानाचं शीर्षक

उल्हासनगरच्या दुकानदारांसाठी मी वेबसाइटची शीर्षकं लिहितो. मोबाइलवर काही शोधलं की आधी दिसते ती ठळक ओळ, आणि तिच्याखालचं दोन ओळींचं वर्णन. शोधणारा जे शब्द टाइप करेल ते तिथे असले पाहिजेत, एवढंच यातलं शास्त्र. पण शेठलोकांना शीर्षकात कल्याणपासून कर्जतपर्यंतची सगळी स्टेशनं हवी असतात, वर ‘बेस्ट’ आणि ‘होलसेल’. मी त्यांना हसायचो. आईच्या वेळी मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, अशी माझी गत झाली.

दोन वर्षांपूर्वी आईचं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं. बरी झाल्यावर तिने बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरी एक वेगळाच ब्लाउज शिवायला घेतला. गळ्यापासून खांद्यावरून बाहीच्या टोकापर्यंत टिचबटणांनी उघडणारा, हात न उचलता घालता येणारा. गल्लीतल्या बायकांनी कौतुक केलं. पण ज्यांना तो खरंच हवा, त्या काही गावभर सांगत फिरत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, याचा आईला घोर लागला होता. मी म्हटलं, वेबसाइटचं पान बनवून देतो.

शीर्षक ठोकलं, ‘बेस्ट डिझायनर ओपन ब्लाउज बदलापूर अंबरनाथ उल्हासनगर’. फोन आले, सगळे लग्नाच्या ब्लाउजसाठी. एकीने पाठीला लटकन लावून मिळेल का विचारलं. आईने फोन ठेवला आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

मग मी तिला शेठलोकांना विचारतो तोच प्रश्न विचारला. ज्या बाईला हा ब्लाउज हवाय, ती काय टाइप करेल? मशीन न थांबवता ती म्हणाली, “ऑपरेशननंतर हात वर होत नाही, ब्लाउज कसा घालायचा.”

इतकं तयार उत्तर कसं, असं मी विचारलं. तिने सांगितलं की दवाखान्यातून आल्यावर तिने मोबाइलवर हेच लिहिलं होतं. कामाचं काहीच आलं नाही. मग शेजारच्या काकू रोज सकाळी येऊन तिला ब्लाउज घालून देऊ लागल्या. काकू गप्पा छाटायला येतात असं समजून मी तेव्हा वैतागायचो, लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जायचो. मला का नाही सांगितलंस, हे ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. मुलाला असलं काय सांगणार ती? माझी मलाच लाज वाटली, आणि तिची फार माया आली.

तिचं वाक्य जसंच्या तसं शीर्षकात टाकलं. वर्णनात लिहिलं, ‘हात न उचलता घालता येणारा ब्लाउज, बदलापुरात शिवून मिळेल.’ बाकीची स्टेशनं गाळली.

काही आठवड्यांनी अंबरनाथहून एका मुलाचा फोन आला, आईने तो स्पीकरवर घेतला. आवाजावरून माझ्याच वयाचा. ऑपरेशन झाल्यापासून त्याची आई दिवसभर गाऊनवर असते, दारात कुणी आलं की आत जाते, कारण विचारलं तर सांगत नाही. तो अडखळत बोलत होता. आईने मशीन थांबवलं.

“तिला विचारू नकोस, बाळा, ती नकोच म्हणेल. कपाटातला तिचा एक ब्लाउज मापाला घेऊन ये.”

फोन ठेवून तिने मशीन पुन्हा सुरू केलं. मग म्हणाली, “मुलंपण शोधतात रे.”

मी पान उघडलं आणि वर्णनाच्या सुरुवातीला दोन शब्द वाढवले, ‘तुमच्या आईसाठी’.