एक मजला वर

एक डिसेंबरला काकांनी परतीच्या दोन तिकिटांचे नऊ हजार सहाशे चाळीस मोजून दिले. तिकिटं सत्तावीस तारखेची, मंगळवारची. मिशनने काका-काकूंना घरोघरी जाऊन प्रार्थना करायला दीड वर्षासाठी परगावी पाठवलं होतं आणि त्यातले जेमतेम तीन महिने सरले होते. काकूंनी तिकिटं पाहिली आणि बायबलमध्ये ठेवून दिली. घर सोडताना काका म्हणालेच होते, नाताळपर्यंत करतो, पुढचं तेव्हा सांगेन. ते त्यांनी आता सांगितलं होतं.

काकूंना मात्र दीड वर्ष पुरं करायचं होतं. इस्पितळात नोंदणीच्या खिडकीमागे बसून साऱ्या नोकरीभर त्यांनी लोकांना नाव, वय, दुखणं विचारलं, पण मागे रांग असल्यामुळे कुणाचंच पुरतं ऐकून घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर एकदा सावकाश ऐकायचं, एवढीच त्यांची हौस होती.

मिशनचा नियम असा की जोडीनेच जायचं, एकमेकांच्या नजरेबाहेर व्हायचं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं इतकी एकत्र कधी राहिली नव्हती. काका प्लंबर, सकाळी पान्यांची पिशवी घेऊन बाहेर पडत, ते दिवेलागणीला परत. काकूंच्या तोंडाला खळ नसे आणि काकांच्या तोंडून चार शब्द काढायचे तर सांडशी लावावी लागे. इथे घरोघरी काकू बोलत आणि काका पिशवी मांडीवर धरून बसत. प्रार्थना संपली की ‘आमेन’ म्हणत, तेही सगळ्यांच्या मागून. कुणाच्या मोरीत नळ ठिबकत असला की त्यांचे कान तिकडे वळत, बोटं शिवशिवत. पण पहिल्याच आठवड्यात काकूंनी बजावलं होतं की आपण इथे नळ दुरुस्त करायला आलेलो नाही. काकांनी कानाला खडा लावून घेतला. तिकिटं आणली त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, “तुझं काम झकास चाललंय. मी इथे नुसतं तुझं सामान आहे.”

 

त्या गावात डिसेंबरात धुकं दुपारीच उतरायचं. आधी नदी दिसेनाशी व्हायची, मग धक्का, मग समोरचा फुटपाथ. दुकानांतले नाताळचे दिवे लागले की ते कशाला टांगलेले आहेत ते कळत नसे; नुसते लाल-पिवळे ठिपके हवेत तरंगत. चर्चची घंटा पाण्याखालून वाजल्यासारखी वाजे. काकूंना वाटे, आपण चालत नाही आहोत, कुणीतरी आपल्याला हळूच पुढे सरकवतंय, आणि शेजारी हा अबोल माणूसही तसाच तरंगत चाललाय. सत्तावीसला हे सगळं पुसलं जाईल. मग घर, सून, नातवंडं आणि ओसरीवरची खुर्ची. त्यात वाईट काहीच नव्हतं.

दर मंगळवारी ती दोघं धक्क्याजवळच्या एका जुन्या इमारतीत जात. इथल्या चर्चच्या पाळकांनी फोनवर घाईघाईत सांगितलं होतं: तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार, एकटं म्हातारं माणूस, गुडघ्यांमुळे उपासनेला येणं बंद झालंय. तिथे एक बाई राहायच्या. नाटकांचे पडदे शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. खोलीभर जुन्या मखमलीचे गठ्ठे, मधोमध शिलाईचं यंत्र, आणि पलंगाच्या वर छताला ओलीचा मोठा डाग. पडदेबाई पडल्या पडल्या त्या डागाकडे बघत. नोव्हेंबरात तो बदक होता, आता गलबत झाला होता. काकूंनी त्यांना येशूच्या जन्माची कथा वाचून दाखवायला घेतली, दर खेपेला थोडी थोडी. बाई मान डोलावून ऐकत. काका डाग बघत बसत.

चोवीस तारखेला, शनिवारी, काकू मेणबत्ती आणि केक घेऊन गेल्या. निरोपाचं कसं काढावं याची मनात जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात पडदेबाईंनीच विषय काढला. त्या संकोचून म्हणाल्या, “एक विचारू? पाच वेळा आलात. छताचं काय ठरवलंय घरमालकाने?”

काकूंनी विचारलं, कुठले घरमालक? मग एकेक उलगडत गेलं. बाईंनी छताची तक्रार केली होती; ही दोघं दारात आली ती त्यासाठीच, असं त्या धरून चालल्या होत्या. कुठल्याच चर्चच्या मंडळीत त्या कधी गेल्या नव्हत्या.

“मग तुम्ही वाचू कसं दिलंत मला?” काकू म्हणाल्या.

“अहो, मालकाची माणसं येत नाहीत, आली तर बसत नाहीत. तुम्ही बसलात, वर प्रार्थनाही केलीत. म्हटलं, पद्धत बदलली असेल.”

काकूंनी हातातला केक खाली ठेवला. पाच मंगळवार पालथ्या घड्यावर पाणी. पण काका उठले होते. छताकडे बोट करून त्यांनी बायकोकडे पाहिलं, शाळेत पोर बाईंकडे बघतं तसं. काकू म्हणाल्या, “बघा हो. बघा एकदाचं.”

पिशवीच्या तळातून पाना निघाला. तो घरून आणलाय हे काकूंना तेव्हा कळलं. कोपऱ्यातून वरच्या टाकीकडे जाणारा पाइप सांध्यात गळत होता. पाणी बंद केल्याशिवाय हात लावता येईना, आणि व्हॉल्व्ह खालच्या घरात. नियमाप्रमाणे दोघं जोडीनेच खाली उतरली.

जिन्यासमोरचं दार उघडायला वेळ लागला. काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. आयुष्यभर ते नदीतल्या बोटींवर तिकीट तपासनीस होते, हे पुढे कळलं. त्यांनी काकूंच्या कोटावरचा मिशनचा बिल्ला वाचला, काकांच्या हातातला पाना पाहिला, पुन्हा बिल्ला वाचला.

“तुम्हीच ना मंगळवारचे?” ते म्हणाले. “मंडळीतून कुणी येईल असं पाळकांनी कळवलं होतं. मी चहा टाकून बसायचो. तुमची पावलं यायची, दाराशी यायची, आणि वर जायची.”

काकूंना लख्ख कळलं. आपल्या गावी रस्त्यालगतचा तो तळमजला, पहिला त्याच्या वर. इथे रस्त्यालगतचाच पहिला धरत. पाचही वेळा ती दोघं या दारावरून एक मजला वर चढून गेली होती. 

बोलले ते काका. “चूक आमची. मजले मोजायला चुकलो,” ते म्हणाले. “हाक का नाही मारलीत?”

“वाटलं, वरच्या बाईंची गरज मोठी असेल. माझं काय, मी आपला आहेच.”

काकांनी पाना खिडकीत ठेवला आणि न सांगता खुर्ची ओढून बसले. व्हॉल्व्ह बंद व्हायला बराच वेळ लागला. बोटी, भरती, गंजलेले पाइप, पाण्याची चव. दोन म्हातारे खालच्या आवाजात बोलत राहिले. बाहेर धुकं काचेला टेकलं होतं आणि खोली धक्का सोडून सावकाश निघाल्यासारखी वाटत होती. काकू नुसत्या ऐकत होत्या. आपला नवरा सलग इतकं बोलताना त्यांनी कधी ऐकला नव्हता. तपासनीसांनी चहा आणला तेव्हा बजावलं, हा हिशेबात धरायचा नाही, आज तुम्ही नळासाठी आलात. मंगळवारचे पाच राहिलेत ते राहिलेतच.

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “मंगळवारी येतो.”

वर जाऊन त्यांनी सांधा आवळला, दोरा गुंडाळला, पुन्हा आवळला. पडदेबाई पलंगावरून विचारत होत्या की मालकाचं राहू दे, पण तुमच्या कथेतल्या त्या बाळंतिणीला शेवटी जागा मिळाली का नाही; तेवढं सांगायला तरी या. काकूंनी कबूल केलं.

जिना उतरताना काकू हळूच म्हणाल्या, “अहो, मंगळवारी सत्तावीस आहे.”

“मला वार कळतात,” काका म्हणाले, आणि कठडा धरून पुढे उतरू लागले.

तिकिटं सोमवारी परत केली. निम्मे पैसे कापले गेले. सत्तावीसला काका-काकू खालच्या घरी गेले, मग एक मजला वर. जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात काका तापाने पडले आणि एक मंगळवार चुकला. पुढच्या मंगळवारच्या आत तपासनीस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे गेले आहेत. चार चहा फिटले. एक बाकी आहे.