आईच्या खुब्याचा फोटो

गेल्या महिन्यात आईला घेऊन सोलापूरला दवाखान्यात गेलो होतो. आमचं गाव मंगळवेढ्याजवळ... तिथं शेळ्या सोडताना पाय घसरून ती डाव्या कुशीवर पडली. दुखत होतं, पण लंगडत का होईना, चालत होती.

तिचा हट्ट एकच. "हाडवैद्याकडं चल. तेल लावून पाय ओढला की झालं. हितं कशाला आणलास?" मलाही ते पटत होतं. एवढा एक्सरे काढू आणि तिकडंच जाऊ, असं मनात होतं.

एक्सरेवाल्या ताईंनी तिला टेबलावर झोपवलं आणि कमरेखाली एक सपाट पॅनेल सरकवलं. आई म्हणाली, "थांब की गं, फोटू काढायचाय तर पदर तरी नीट घिऊ दे."

"आजी, ह्यात पदर येत नाही. नुसती हाडं येतात."

"मग तर लई वंगाळ दिसंल की!"

बाहेर येऊन ताईंनी बटण दाबलं, आणि फोटो लगेच स्क्रीनवर. लहानपणी मी एक्सरेची ओली फिल्म वाळेपर्यंत बाकावर बसलेला माणूस... न राहवून विचारलं, हे होतं कसं?

ताईंनी समजावलं. हाड किरणांना अडवतं, मांस बरंच सोडतं. जे किरण पार होतात, ते पॅनेलच्या एका थरावर पडले की तो थर चमकतो. त्याखाली लाखो बारीक ठिपके असतात. जिथं जेवढा उजेड, तेवढी वीज... आणि त्या विजेचे आकडे मोजून कॉम्प्युटर चित्र उभं करतो.

डॉक्टर आले. फोटोत हाड मोडल्याचं काहीच दिसेना. हे ऐकून आतल्या टेबलावरची आई लगेच उठायला लागली, "बघ, मी काय म्हनत हुते?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, जरा पडून राहा." त्यांनी तोच फोटो मोठा केला, त्याचा उजेड-अंधार कमीजास्त केला. डोळ्याला एका वेळी दिसतात त्याहून कितीतरी जास्त छटा त्या आकड्यांत असतात म्हणे. आणि खुब्याच्या मानेवर, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या अरुंद भागावर, केसाएवढी एक रेघ हळूच वर आली...

"पाय ओढला असता, तर हे हाड सरकलं असतं," डॉक्टर म्हणाले.

दोन दिवसांनी स्क्रू घालून ऑपरेशन नीट झालं. आता आई वॉकर धरून उभी राहते, आणि शेळ्यांची चौकशी करते.

त्या दिवशी मात्र मी स्क्रीनसमोर बराच वेळ उभा होतो. ह्याच खुब्यावर बसवून तिनं मला रानात नेलं, आणलं... ते हाड मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. नकळत हात जोडले गेले.