ओहोटीला मोजलेलं बेट

माझी आत्या बेटावरची नर्स. चोवीस वर्षं झाली. शंभर उंबरे, दोन खोल्यांचा दवाखाना आणि दवाखान्याला एक सरकारी होडी. होडी होती म्हणायचं, आता नाही. का नाही ते सांगते, आणि सांगताना माझं डोकं फिरलं तर फिरू दे.

जनगणनेचा मोजणीवाला नेमका ओहोटीला आला. ओहोटीत खाडी उतरते, चार तास गुडघाभर चिखलातून चालत जाता येतं. हा पँट दुमडून गेला, माणसं मोजली चारशे बारा, दोन घरी चहा ढोसला आणि पाणी चढायच्या आत परतला. फॉर्मवर रकाना होता, 'पायी पोचता येते का?' याने लिहिलं, होय. पायी पोचता येतं म्हणजे बेट नाही, आणि बेट नाही तर होडी कशाला? भरतीला तिथे दोन पुरुष पाणी असतं. ते लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता आणि त्याच्या डोक्यात उजेड नव्हता.

तीन अर्ज वाया गेल्यावर आत्या स्वतःच जिल्हा कार्यालयात आली, मांडीपर्यंत चिखल घेऊन. मी तिथेच टायपिस्ट. बेटावरच्या एका सुनेला नववा महिना लागला होता आणि मूल आडवं होतं. तिला चिखलातून चालवणं शक्य नव्हतं, मासेमारीच्या होड्या आठ-आठ दिवस खोल समुद्रात. कळा सुरू झाल्या तर हिला न्यायचं कशातून, एवढंच आत्या विचारत होती.

साहेबांनी नकाशावर पेनाचं टोपण आपटलं. पुढची मोजणी दहा वर्षांनी, मध्ये आकडा बदलत नाही, तोवर ओहोटीची वेळ सांभाळा, म्हणाले.

"बाळाला सांगू का तसं?" आत्या म्हणाली.

साहेब चक्क हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी जिल्ह्याची माहितीपुस्तिका तिच्यापुढे सरकवली. वस्तीची बेटं अठरा, छापलंय बघा. जसं काही छापलं की समुद्र आटतो.

"हे टाइप कोण करतं?" आत्याने विचारलं.

साहेबांनी मान माझ्याकडे वळवली.

माझा जन्म त्याच बेटावरचा, आत्याच्याच हातचा. जुन्या पुस्तिकेत बेटं एकोणीस होती, टाइपला आलेल्या नव्या कागदावर अठरा. एक कुठे गेलं, हे मी कोणाला विचारलं नव्हतं. एकोणीस खोडून अठरा केले आणि डबा खायला उठले.

आत्याने आवाज चढवला नाही.

"तुला तरी माहीत होतं ना गं," म्हणाली, पिशवी उचलली आणि पाणी चढायच्या आत पोचायचं म्हणून झपाझप निघाली.

होडी बंद झाल्यापासून मी त्या मोजणीवाल्याला रोज लाखोली वाहत होते. तो तर परका होता.