दोघींचं बुकिंग

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना चुकून लागणारी गोष्ट. तो खेळणारी बाई तर बहुधा मी एकटीच. नवऱ्याला कंपनीमुळे नाद लागला आणि त्याच्यामुळे मला. दर रविवारी आम्ही शहराबाहेर, मुळशीच्या बाजूला डोंगरांत खेळायला जायचो. तो गेला आणि काठ्यांची पिशवी माळ्यावर गेली. तिथे एकटीनं जायची मला भीती वाटते. खेळाची नाही. चांगला फटका बसला की मागे वळून त्याच्याकडे बघायची सवय आहे, तिची.

सकाळी सोसायटीत फेऱ्या मारताना शेजारच्या इमारतीतल्या एक बाई भेटतात. माझ्याच वयाच्या, निवृत्त शिक्षिका. भेटल्या की म्हणतात, "एकदा न्या हं आम्हाला तुमच्या त्या गोल्फला!" पुण्यात असं बोलायची रीत आहे. "या एकदा घरी" म्हणतात, कधी ते सांगत नाहीत. माझा जन्म इथलाच, मला हे कळायला हवं होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. एके दिवशी मी ते खरं धरलं.

मग मला दुसरं काही सुचेना. अठरा होलचा पूर्ण डाव नको, नऊ पुरे. ऊन चढायच्या आत सुरुवात करायची, बॅटरीची गाडी न घेता चालत जायचं, मागून कुणी घाईचे आले तर त्यांना खुशाल पुढे जाऊ द्यायचं. बाईंना लांबचे फटके जमणार नाहीत, त्यांनी आपला भोकाजवळ आलेला चेंडू आत ढकलायचा. तळ्याकाठी बसून थालीपीठ आणि लोणी खायचं. पिशवी खाली काढून काठ्या लख्ख पुसल्या. बाईंच्या बुटांचा नंबर विचारायचंही डोक्यात होतं, म्हणजे बघा. क्लबात फोन करून दोघींसाठी रविवारची सकाळ सांगून टाकली.

बाईंना हे सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. "अहो, मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं! तुम्ही तर बुकिंगच केलंत! एवढ्याशा चेंडूमागे उन्हात कोण धावणार?"

"धावत नाहीत, चालतात," मी म्हटलं. "आणि तुम्ही आला नाहीत तरी चेंडूचं काही अडत नाही."

त्या जरा वरमल्या. मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. तोंडदेखलं बोलणंसुद्धा खरं वाटावं, इतकी का मी सोबतीला आसुसले होते?

घरी येऊन बुकिंग रद्द करायला क्लबात फोन लावला. फोनवर तिथल्याच गावचा माणूस होता. दुसऱ्या बाई येत नाहीत, रद्द करा, असं सांगितलं.

"मग तुम्ही या की म्याडम," तो म्हणाला. "एकटं असलं तरी चालतंय, कुणासंगं तरी लावून देतो. रविवारी एक काका हायेत. त्यांनी बी दोघांचं सांगितलं हुतं, आता एकटंच येनार हायेत. काल इचारत हुते, आनखी कुनी एकटं हाय का म्हनून."

किती सरळ विचारलं होतं त्यांनी. मलाही कितीतरी महिने हेच विचारायचं होतं. लाज वाटत होती, म्हणून गोल्फ न खेळणाऱ्या एका बाईंच्या मागे लागले होते.

"लावा," मी म्हटलं, आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.