दोन वाजताची मॅच

आमच्या संस्थेनं मुलींच्या खेळण्याच्या हक्कासाठी जो मोठा कार्यक्रम ठेवला, त्याच्या तयारीपायी एका शाळेतल्या मुलींचा खेळ दोन आठवडे बंद होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला धक्का बसायला नको.

मी बंगळूरच्या राजाजीनगरात वाढले. घरचे मूळ बेळगावकडचे. बाबा इथल्या एका कारखान्यात लागले, युनियनमध्ये गेले आणि आई युनियनची पत्रकं लिहायला लागली. आमच्या घरी फडताळात पत्रकं अंथरलेली, माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, गरम पातेल्याखाली पत्रक. 'कामगार बंधूंनो' हे मी वाचलेले पहिले शब्द. 'आणि भगिनी कुठं गेल्या?' असं मी विचारल्यावर आईनं पुढच्या पत्रकात त्यांना आणलं. पत्रकासाठी आईचा नियम एकच. काय पाहिजे, कुणाकडून पाहिजे आणि कधीपर्यंत पाहिजे. यातलं एक जरी नसलं तर ती कागद परत करायची. "ही आरती झाली. देवाला ऐकव."

अशा घरातून मी बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला गेले. आमची संस्था एका आंतरराष्ट्रीय जाळ्याचा भाग आहे. मुलींना आणि बायकांना व्यायाम, खेळ, मैदान मिळावं म्हणून देशोदेशीच्या सरकारांना सांगायचं, हे तिचं काम. या जाळ्याचा एक जाहीरनामा आहे. तो कन्नडमध्ये आणि मराठीत मीच आणला. प्रत्येक शाळेत मुलींना रोज खेळायला मिळावं. मैदान सुरक्षित असावं. शिकवणाऱ्या बायका असाव्यात. मुलींबद्दलचे निर्णय मुलींना विचारून व्हावेत. त्यात एकही वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच मला राग येतो. आईचा नियम लावला की 'काय पाहिजे' सापडतं. बाकीच्या दोन जागा रिकाम्या.

बाहेरून पाहुण्या येणार होत्या. त्यांना दाखवण्यासाठी के. आर. पुरमच्या बाजूची एक सरकारी शाळा ठरली, कारण तिथल्या मुली थ्रोबॉल खेळायच्या आणि चांगल्या खेळायच्या. मी वर्षभर तिथं जात होते. त्यांची कप्तान आठवीतली, उंच, तोंडाळ. पाण्याचा टँकर चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी तिच्याशी सौदा केला होता. तालुक्याची मॅच जिंकून पुढं गेलीस तर पुढच्या वर्षीही खेळ. नाही गेलीस तर शाळा सुटल्यावर शिवणाच्या क्लासला.

"आणि तू हो म्हणालीस?"

"हो, सरी म्हटलं," ती म्हणाली. "हरायचंच नाही ना अक्का, मग काय फरक पडतो?"

मग तालुक्याच्या मॅचची तारीख आली. ती पाहुण्यांचीच तारीख होती.

मी आमच्या ऑफिसातल्या मॅडमकडे गेले. मॅडम पुण्याच्या, आयटीतली मोठी नोकरी सोडून या कामात आलेल्या. वाईट बाई नाहीत. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. वाईट असत्या तर भांडायला सोपं गेलं असतं.

"अगं, फ्लाइट्स बुक झाल्यात सगळ्यांच्या," त्या म्हणाल्या. "डेट कशी शिफ्ट करणार?"

"मग दुसऱ्या मुली घ्या कार्यक्रमाला. टीमला जाऊ द्या."

"पण टीमलाच तर भेटायचंय ना त्यांना! तू ना, फार अॅग्रेसिव्ह होतेस यार. पॉझिटिव्हली बघ. या मुलींना केवढं एक्स्पोजर मिळतंय."

मुख्याध्यापिकांचं कारण वेगळं होतं. पाहुण्यांचं स्वागत पूर्णकुंभानं होणार. रेशमी साड्या नेसलेल्या मुली दोन्ही बाजूंना, हातात कलश, कलशावर नारळ. "लहानखुऱ्या मुलींचे हात थरथरतात हो," त्या मला कन्नडमध्ये समजावत होत्या. "पाणी सांडतं, बरं दिसत नाही. थ्रोबॉलच्या मुली उंच. तासभर हात हलत नाही त्यांचा." ते हात तसे का झाले, हे मी त्यांना सांगायला गेले नाही. दोन आठवडे खेळाच्या तासाला कलश धरून चालण्याची तालीम झाली. मग मैदानात खड्डे पाडून शामियान्याचे खांब रोवले, तेव्हा नेट बांधायलाही जागा उरली नाही.

त्यातल्या त्यात पीटीच्या सरांनी धावपळ केली. तालुक्याच्या पंचांना गाठून आपल्या शाळेची मॅच सर्वांत शेवटी, दोन वाजता लावून घेतली. कार्यक्रम अकराला सुरू, साडेबाराला संपणार. स्पर्धेचं मैदान रिक्षानं अर्ध्या तासावर. मी दोन रिक्षावाल्यांना सांगूनही ठेवलं. घरी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "काय, कुणाकडून, कधीपर्यंत. तिन्ही आहेत की. मग होईल."

पाहुण्यांची बस बेळ्ळंदूरहून निघाली आणि आउटर रिंग रोडवर अडकली. अकराचे बारा झाले. मुली उन्हात कलश धरून उभ्या होत्या. कप्तान माझ्याकडे बघून भुवया उडवायची, मी घड्याळाकडे बोट दाखवून मान हलवायची. बस आली, तिनं दोन्ही हातांनी कलश पुढं केला, वाकली, आणि साडीचा काठ वर झाला तेव्हा मला खाली निळी ट्रॅकपँट दिसली. सातहीजणींनी साडीच्या आत खेळाचे कपडे घातले होते. साडी सोडली की थेट रिक्षात.

मग दीप, मग स्वागतगीत, मग शाली. साडेबारा भाषणांतच वाजले. शेवटी एक पाहुण्या, पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या, माइक घेऊन म्हणाल्या, आम्ही बोलायला नाही, ऐकायला आलो आहोत. मुलींनी सांगावं, त्यांना आमच्याकडून काय हवंय.

दुभाषी मीच होते. मॅडमनी हळूच माझा दंड दाबला. "स्वल्प सॉफ्ट ठेव हं." स्वल्प म्हणजे जरासं; बंगळूरला येऊन त्यांनी उचललेला हा बहुधा एकमेव कन्नड शब्द.

कप्तान उभी राहिली. पाठ केलेलं काहीतरी तिला दिलं होतं, ते तिनं म्हटलं नाही. ती म्हणाली, "आज दोन वाजता आमची मॅच आहे. आम्हाला जाऊ द्या."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. दोन वाजता. आज. जाऊ द्या.

शामियान्यात टाळ्या वाजल्या. मागच्या ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत, जोरात आणि मनापासून. पांढऱ्या केसांच्या बाईंनी डोळे पुसले. एकजण उभ्या राहिल्या, मग सगळ्याच उभ्या राहिल्या, आणि मला वाटलं आता निघतील. बसकडे चालायला लागतील, मुलींना म्हणतील चढा. पण त्या टाळ्यांसाठी उभ्या राहिल्या होत्या. टाळ्या संपल्यावर बसल्या.

मी माइक सोडला नाही. म्हणाले, हे उदाहरण म्हणून सांगितलेलं नाही. मॅच खरी आहे. आत्ता एक वाजतोय, तुमची बस गेटवर उभी आहे, तुमच्यातली एखादीजण जरी म्हणाली की जा, तर या मुली जातील.

पाहुण्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मुख्याध्यापिकांकडे. मुख्याध्यापिकांनी मंडपाच्या कडेला मांडलेल्या केळीच्या पानांकडे. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "मुलींच्या हातून गोड वाढून होऊ दे. एवढं केलंय, उपाशी कसं पाठवायचं पाहुण्यांना?"

मी कप्तानच्या हातातलं भांडं ओढून घेतलं. "जा तुम्ही. मी वाढते."

तिनं मुख्याध्यापिकांकडे पाहिलं आणि भांडं परत घेतलं. "दाखल्यावर त्या सही करतात अक्का," ती पुटपुटली. "तुम्ही नाही." पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. माझे रिक्षावाले वाट बघून गेले. दुसऱ्या रिक्षा मिळेपर्यंत पीटीच्या सरांचा फोन वाजला. दोन वाजून गेले होते आणि समोरच्या शाळेला वॉकओव्हर दिला होता.

मुलींनी साड्या सोडल्या. आयांच्या लग्नातल्या साड्या, चुकून डाग लागायला नको म्हणून दोघीदोघींनी टोकं धरून घड्या घातल्या. निळ्या कपड्यांत सातजणी शामियान्याच्या खांबांमध्ये उभ्या राहिल्या. कुणी रडलं नाही. एकजण म्हणाली, "कलशात मात्र आपण तालुक्यात पहिल्या," आणि दोघीतिघी हसल्या.

कप्तान हसली नाही. "तुम्ही बरोबर सांगितलं होतं ना त्यांना?"

"हो. तू म्हणालीस तेच."

"मग टाळ्या का वाजवल्या?"

दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. वडिलांना पटवायचं ठरवून गेले होते. हक्क, आरोग्य, संधी, सगळं तोंडपाठ. ते टँकर धुवत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मी नको म्हटलं होतं का मिस?" ते म्हणाले. "पुढं गेलीस तर खेळ म्हटलं होतं. पुढं गेली का?"

"पण ती हरली नाही, अण्णा. तिला खेळूच दिलं नाही."

"कुणी?"

मी चाकाखालून वाहत आलेल्या पाण्यातून पाय मागे घेतला.

"मी माझा शब्द पाळतोय," ते म्हणाले आणि पाइप चाकाकडे वळवला. सोमवारपासून ती शिवणाच्या क्लासला जाऊ लागली.

आई म्हणाली, नोकरी सोड. मी भांडले. जाहीरनाम्यातलं प्रत्येक वाक्य कुणीतरी कधीतरी भांडून मिळवलेलं आहे, ते त्या केळीच्या पानांच्या हवाली करून मी निघून जाणार नाही. आई म्हणाली, "मग रिकाम्या जागा भर." मी अजून तिथंच आहे आणि मला तिथं फारसं कुणी जेवायला बरोबर घेत नाही.

काही महिन्यांनी परदेशातल्या परिषदेसाठी पोस्टर तयार झालं. कप्तानचा कलश धरलेला फोटो, खाली इंग्रजीत तीन शब्द: आम्हाला खेळू द्या. आपल्या ऑफिससाठी त्याचं कन्नड आणि मराठी करून दे, असं मॅडमनी सांगितलं. मी दोन्ही भाषांत तिचं वाक्य लिहून पाठवलं. आज दोन वाजता आमची मॅच आहे. आम्हाला जाऊ द्या.

मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "अगं, हे असं कसं छापणार? ती मॅच तर केव्हाच होऊन गेली ना."

"झाली नाही, मॅडम," मी म्हटलं. "फक्त दोन वाजून गेले."