वॉली पेट्शेलची पारख

वॉली पेट्शेलशी माझं उभ्या जन्मात कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या दोन घरांमध्ये एकच कुंपण, पण माणूस असा की तुमचा केक कोरडा झालाय म्हणून तोंडावर सांगेल आणि वर दुसरा तुकडा मागेल. त्याच्या बायकोने, आयलीनने, त्याला कसं निभावून नेलं ते तिचं तिला ठाऊक. ती गेली तेव्हा चर्चमध्ये पाद्रीबाबा तिच्या शांत स्वभावाचे गोडवे गात होते, तर हा पहिल्या बाकावरून म्हणाला, "रागीटही होती." लोक म्हणायचे, वॉली सरळ माणूस. मी म्हणायचे, आडमुठा.

कामाने तो मेंढ्यांची लोकर कातरणारा. पाठ कामातून गेली तशी कातर सुटली, आणि फुटी, म्हणजे बॉल हातानेही झेलायचा आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, त्याच्या मेलबर्नमधल्या एका मोठ्या क्लबाने त्याला आमच्या मॅलीच्या गव्हाच्या पट्ट्यात पोरं हेरायला नेमलं. पेट्रोलचे पैसे आणि वर चहापाण्यापुरतं काहीतरी. पण गावात त्याचा भाव असा वाढला की पबमध्ये तो शिरला की आया आपापल्या पोरांना ताठ बसायला सांगायच्या.

कारण ड्राफ्ट. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी शहरातले क्लब अठरा वर्षांच्या पोरांची नावं एकामागून एक पुकारतात. ज्याचं नाव आलं तो बॅग भरून शहरात, ज्याचं नाही आलं तो परत गव्हात. आमच्या कुरापिलसारख्या गावात, जिथे शाळा निम्मी झाली आणि बँक तर केव्हाच गेली, तिथे एखादं नाव पुकारलं जाणं म्हणजे गाव अजून आहे याची दवंडी. आणि ते नाव शहराच्या कानावर घालणारा माणूस एकच, तो आमचा हा आडमुठा.

मैदानाच्या कडेला मी क्लबाचं कँटीन चालवते. माझी खिडकी उत्तरेकडच्या गोलावर उघडते, आणि वॉलीची घडीची खुर्ची बरोबर त्या गोलच्या खांबांमागे. त्यामुळे खेळाच्या मोसमात, आमच्या जून-जुलैच्या अख्ख्या हिवाळ्यात, तो माझ्या डोळ्यांसमोर. बाकीचं गाव गाड्या कुंपणाला नाक लावून उभ्या करतं, आत बसून माझ्याकडचे गरम मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेल्या कचोऱ्यांसारखं काहीतरी, खातं आणि आपला गोल झाला की हॉर्न वाजवतं. वॉलीने कधी हॉर्न वाजवला नाही. त्याची गाडी फाटकाबाहेर असायची. बॉलकडेही तो फारसा बघायचा नाही. बॉल पलीकडे असताना पोरगा काय करतो, ते बघायचा. मग पोराच्या घरी चहाला जायचा आणि आईच्या भावांची चौकशी करायचा, कारण पोरगा अजून किती उंच होणार ते मामांवरून कळतं, असं त्याचं म्हणणं. चहा झाला की स्वतःची बशी कोण उचलतं आणि कोण तशीच ठेवून उठतं, तेही बघायचा.

पण सगळ्यात वरचं म्हणजे पाऊल. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, वॉलीला ते गोलामागून दिसायचे. बॉल जमिनीवर मोकळा पडलाय, समोरून दोन दांडगे धावत येतायत, अशा वेळी पोरगा शेवटचं पाऊल पूर्ण टाकतो की आखडतं घेतो? आखडतं घेणाऱ्या पोरांना वॉली तिथल्या तिथे खोडून टाकायचा. "उंची वाढते, वेग वाढवता येतो," तो म्हणायचा, "पाऊल वाढत नाही." आमच्याकडे कुणाला 'तुझं पाऊल आखडतं' म्हणणं म्हणजे आईवरून शिवी देण्यासारखं. त्यावरून पबमध्ये माणसांचे दात पडलेले मी पाहिलेत.

आणि आता कॅलम. वॉलीची मुलगी जनीन, तिचा हा एकुलता एक. नवरा लांबच्या ट्रकवर, म्हणून जनीन बापाच्याच घरात राहायची, आणि पोरगा वाढला तो वॉलीच्या हाताखाली. मी बाहेरची, पण सांगते, असा पोरगा या गावात झाला नाही. लांब हात, मांजरासारखा तोल, आणि तीन माणसांच्या डोक्यावरून बॉल झेलून खाली आल्यावर काही झालंच नाही असा चेहरा. बशी तर स्वतःची उचलायचाच, माझीही उचलायचा. त्याच्या अठराव्या वर्षी शहरातल्या बाकीच्या क्लबांचीही माणसं येऊन बसायला लागली, तेव्हा गावाने मनातल्या मनात त्याला पाठवूनही टाकलं. फक्त वॉली काही बोलायचा नाही. विचारलं की म्हणायचा, "घरचा आहे. त्याला माप लावायचं तर तेच लावीन जे सगळ्यांना लावतो."

त्या जूनमध्ये शेजारच्या गावाशी सामना होता. उंच झेल घ्यायला कॅलम वर उडाला आणि एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. पडला आणि लगेच उठला. आमची पोरं उठतातच, गोलामागून कुणी बघत असलं तर जरा जास्तच चटकन उठतात. ट्रेनर धावत गेला आणि त्याने नेहमीचे प्रश्न विचारले. मैदान कुठलं, शेवटचा गोल कुणी मारला, मागच्या शनिवारी कोण जिंकलं. ही उत्तरं आमची पोरं सामन्याच्या आधीच गाडीत घोकून येतात. डोक्याला मार लागला अशी नोंद झाली की तीन शनिवार बाहेर बसावं लागतं, आणि पुढच्या शनिवारी शहरातली माणसं येणार होती. कॅलमने सगळी उत्तरं बरोबर दिली. सामना संपल्यावर तो माझ्या खिडकीशी येऊन मीट-पाय घेऊन गेला, आणि थोड्या वेळाने परत येऊन मीट-पाय मागायला लागला. पहिला त्याच्या हातातच होता. रांगेतले सगळे हसले, मीही हसले. तोही हसला.

त्यानंतर त्याचा खेळ बदलला. झेल चालूच होते, पण जमिनीवरच्या बॉलपाशी गेला की क्षणभर थांबायचा. इतका थोडा की मला काही दिसायचं नाही. वॉलीला दिसायचं. दर शनिवारी त्या खुर्चीवर तो अधिकच आक्रसत गेला, आणि सामना संपल्यावर नातवाशी एक शब्द न बोलता घरी जायला लागला. मला वाटलं, थंडी बाधतेय म्हाताऱ्याला.

ऑक्टोबरात शहरातल्या क्लबाचा साहेब, ग्रँट नावाचा, त्याने फोन केला. मी तेव्हा वॉलीच्या स्वयंपाकघरात जनीनबरोबर संत्र्याचा जॅम बरण्यांत भरत होते. वॉली फोन घेऊन व्हरांड्यात गेला, पण जाळीच्या दारातून सगळं ऐकू येतं. साहेब बहुधा म्हणाला असावा की तुमच्या घरचा पोरगा आहे, तुम्ही मत दिलं नाही तरी चालेल. आयती वाट होती. दुसरा कुणी माणूस असता तर त्या वाटेने निघून गेला असता.

"विचारलंय तर सांगतो," वॉली म्हणाला. "पाऊल आखडतं त्याचं. जूनपासून."

मग पलीकडचं ऐकून घेऊन म्हणाला, "हो, खात्री आहे. मी त्याला चालायला शिकवलंय."

जनीनच्या हातातला डाव तसाच राहिला. मग तिने पुढची बरणी ओढली. या घरात वॉलीला बोलून काही होत नाही, हे ती आईकडून शिकली होती. मी मात्र बोलले. कुंपणापाशी गाठून त्याला म्हटलं, "अरे, गप्प राहायला काय झालं होतं तुला? जीभ झिजली असती?"

तो म्हणाला, "मर्ना, दुसऱ्यांच्या पोरांना मी त्यावरून घरी बसवलंय. त्यांच्या आयांना काय तोंड दाखवू?"

त्याचं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

ड्राफ्टच्या संध्याकाळी गावाने कापणी थांबवली. कापणी थांबवणं म्हणजे काय, ते कापणीवाल्यालाच कळेल. गहू तयार, आभाळ स्वच्छ, आणि यंत्रं शेतात जागच्या जागी उभी. माणसं धुळीने माखलेल्या कपड्यांनी क्लबात आली. बाहेर सॉसेज भाजत होते, टेबलावर माझा पावलोवा केक होता, भिंतीवर मोठा टीव्ही. कॅलमला नवा शर्ट घालून मधल्या खुर्चीत बसवलं होतं. जनीनला माहीत होतं, मला माहीत होतं, वॉलीला माहीत होतं. तरी आशा मोठी चिवट असते. वॉलीच्या क्लबाने नाही घेतला तर दुसरा कुणी घेईल, असं मी प्रत्येक नावागणिक मनात म्हणत होते. पण शहरातले लोक एकमेकांकडे कान लावून असतात. ज्या पोराला त्याच्या आजोबाचा क्लबच हात लावत नाही, त्याच्यात काहीतरी खोट असणार, असं त्यांनी धरलं. नावं संपली. टीव्हीवरचे लोक हसत एकमेकांना मिठ्या मारायला लागले, तेव्हा कुणीतरी उठून तो बंद केला. पावलोवा कुणी कापला नाही. माणसं एकेक करून टोप्या घालून परत यंत्रांवर गेली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला वॉलीने ते स्वतःच्या तोंडाने नातवाला सांगितलं. त्यांचं पातेलं परत करायला मी गेले होते, दारातच उभी राहिले. तो म्हणाला, "मला विचारलं होतं. तुझं पाऊल आखडतं म्हणून मी सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं." कॅलम टोस्ट खात होता. तो त्याने संपवला, बशी उचलून बेसिनमध्ये ठेवली, नळ सोडून धुतली आणि बाहेर गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो पुढे कापणीला लागला, मग पेरणीला. एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू झाला आणि कॅलम आमच्या मोठ्यांच्या संघातून उतरला. पहिला मोकळा बॉल पडला आणि पोरगा सरळ घुसला, डोकं खाली घालून. दुसऱ्याला तसाच. गाड्यांनी हॉर्नचा नुसता गदारोळ उठवला. गाव खूश झालं, म्हणालं, बघा, म्हाताऱ्याला खोटं पाडलं. मी खिडकीतून वॉलीकडे पाहिलं. तो खुर्चीतून उठून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आयलीनच्या लग्नात शेवटचं पाहिलं होतं. अभिमान होता तो. इतके महिने न बोललेल्या म्हाताऱ्याचा ऊर भरून आला होता.

तिसऱ्या बॉलला समोरून दोघे आले. कॅलम तसाच गेला. या वेळी तो उठला नाही. आधी हॉर्न चालूच होते, कारण लांबच्या गाड्यांना दिसलं नव्हतं. वॉली कुंपण ओलांडून धावत सुटला, त्या पाठीने, आणि मधेच पडला. त्याला मी उचलायला गेले, तोवर पोराभोवती माणसं जमली होती.

हेलिकॉप्टरने मेलबर्नला नेलं. कवटी उघडली. कॅलम वाचला, पण 'वाचला' या शब्दात फार थोडं मावतं. हिवाळा संपता संपता घरी आणला. उजेड सोसत नाही, म्हणून खिडकीला घोंगडी ठोकलेली. कुणी दोन वाक्यं बोललं की तो कपाळ दाबून धरतो. चमच्याचं नाव आठवत नाही आणि त्यासाठी रडतो. डॉक्टर म्हणाले, आधीचा एक मार होता, वर्षभरापूर्वीचा, तो बरा झालाच नव्हता.

वॉली रोज त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायचा. एका दुपारी मी सूप घेऊन गेले तर आजा-नातू बोलत होते. मी पलंगाच्या पायथ्याशी टेकले, मला कुणी उठ म्हटलं नाही.

वॉली विचारत होता, "मागच्या वर्षी तू थांबायचास ना, बॉलपाशी?"

"दोन दिसायचे, पॉप," कॅलम म्हणाला. शब्द लागत लागत येत होते. "दोन बॉल. खरा कुठला ते कळेपर्यंत थांबायचो."

"आणि या वेळी?"

"या वेळी थांबलो नाही. दोन्ही बॉलांच्या मधे घुसलो."

वॉलीच्या घशातून काहीतरी आवाज आला. इतकी वर्षं कुंपणापलीकडे काढली, पण तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस? मी आजोबा आहे तुझा. या घरात, एका भिंतीपलीकडे झोपायचो मी."

कॅलमने डोळे मिटलेलेच ठेवले. "सांगितलं असतं, तर तू ग्रँटला काय सांगितलं असतंस?"

मी मनात म्हटलं, वॉली, आज एकदा खोटं बोल. एवढं एकदाच. देव काही तुला धरणार नाही. म्हातारा दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून बसला होता.

"तेच सांगितलं असतं," तो म्हणाला. "डोक्याला मार आहे, घेऊ नका, म्हणून."

"म्हणूनच नाही सांगितलं," कॅलम म्हणाला, आणि त्याने उशी डोळ्यांवर ओढून घेतली.

सूप गार झालं. जनीनने बाहेरून जेवायला हाक मारली, तरी वॉली तिथून हलला नाही. मी वाडगा उचलून बाहेर आले.