माझे पाय धरणारी

देवीसमोर उभी असतानाच मला पहिल्यांदा ती भीती वाटली, म्हणून माझ्या भक्तीतच खोट असणार असं मी धरून चालले. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी डोंबिवलीत प्राथमिक शाळेत शिकवायचे. नवरात्रातल्या आरतीत एकाएकी छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या, आता आपण संपलो असं वाटलं आणि मी देवळातून बाहेर पळाले. पुढे वर्गात, बाजारातही तसंच होऊ लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नामस्मरण वाढव. मनापासून केलंस तर भीती राहणार नाही." मी वाढवलं. भीती राहिलीच. मग देवळात जायचंच सोडलं.

दोन-तीन वर्षांनी ठाण्याच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दुसरा काही आजार नाही ना, हे पाहायला मेंदूचा एमआरआय सांगितला. यजमानांची कारखान्यात सकाळची पाळी होती, मी एकटीच गेले. त्या अरुंद बोगद्यात दोनदा झोपले आणि दोनदा ओरडून बाहेर आले. तिथला माणूस म्हणाला, "सोबत कुणी असेल तर आत उभं राहू द्या. नाहीतर आज जमणार नाही." मी दारात रडत उभी राहिले. बाहेरच्या बाकावर एक कोळीण बसली होती. नवऱ्याची तपासणी झाली होती, ती रिपोर्टसाठी थांबली होती. ती उठून माझ्याजवळ आली.

"कनाला घाबरतंस बाय? मी हाय ना. पाय धरून उभी र्‍हाते."

आत धातू चालत नाही, असं त्या माणसाने सांगितल्यावर तिने घट्ट बसलेल्या पाटल्या साबण लावून ओढून काढल्या. मनगट लाल झालं. मग यंत्राचा ठोठो आवाज सुरू झाला. मला देवीचं नाव घेणंही सुचेना. फक्त माझ्या पावलांवर दोन खरखरीत, गार हात होते. शेवटपर्यंत ते हलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला. "गाठ वगैरे काही नाही. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, भीतीची सूचना तो देतो. अशा आजारात काहींच्या मेंदूच्या रचनेत थोडा फरक आढळतो, असं आता दिसू लागलंय. तुमच्या एका फोटोवरून तसं सांगता येणार नाही. पण बाई, हा आजार आहे. तुमची श्रद्धा कमी पडली असं नाही."

मी तिथेच रडले. किती वर्षं मी स्वतःलाच शिक्षा करत होते.

गोळ्या बरेच दिवस घेतल्या. भीती अजूनही कधीतरी येते. तेव्हा शेजारी असेल त्याला सांगते, हात धरा. शरण जाणं म्हणजे न घाबरणं, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. तपासणी झाल्यावर मी आनंदाने घरी निघून आले. तिच्या नवऱ्याला काय झालं होतं, हे विचारायचं मला सुचलंही नाही. तिचं नाव मला ठाऊक नाही. देवीला ठाऊक असेल, म्हणून हात जोडले की आधी त्या दोघांसाठी मागते.